खोंडाचें मोल

प्रत्येक खेळाचे दोन भाग असतात. पहिला मैदानावर होतो आणि थोड्या वेळांत आटोपतो. दुसरा गांवच्या पारावर, चहाच्या दुकानांत आणि एस. टी.च्या थांब्यावर चालतो, व त्यास आरंभ किंवा शेवट नसतो. कोणता गडी कोणत्या संघांत गेला, त्याच्यासाठीं किती पैसे मोजले गेले, नवें पोर पुढें नांव काढील कीं दोन दिवसांत विसरलें जाईल, याचा काथ्याकूट हा त्या दुसऱ्या भागाचा जीव होय. पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड या तालुक्यांत हा काथ्याकूट फाल्गुन महिन्यांत ऐन भरांत येतो. ज्यांच्याविषयीं वाद होतो ते गडी मात्र तेथें चार पायांचे असतात. बैलगाड्यांच्या शर्यतींत धांवणारे बैल, त्यांची खरेदी-विक्री, आणि दुधाचे दांत अद्याप न पडलेले कोंवळे खोंड, हा तो विषय. शहरांतील कुटुंबांस तो प्रथमदर्शनीं केवळ गमतीचा वाटेल. परंतु शेतकऱ्यांच्या घरांतील मोठ्या रकमा, एका देशी वंशाचें भवितव्य आणि मुक्या जनावराच्या सुखदुःखाचा प्रश्न, अशा तीन गोष्टी त्यांत गुंतलेल्या आहेत.

अशा वादास मुदतीची धार आली कीं तो अधिक रंगतो. उत्तर अमेरिकेंत बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीची ‘नॅशनल हॉकी लीग’ ही संस्था १९१७ मध्यें स्थापन झाली. तिच्या हंगामांत फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या आरंभीं खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. विजयाच्या टप्प्यांत आलेले संघ त्या सुमारास अनुभवी गडी मिळवितात, आणि त्यांच्या बदल्यांत आपलीं उमेदीचीं पोरें, किंवा पुढील वर्षीं नवोदितांतून निवड करण्याचा आपला हक्क, देऊन टाकतात. म्हणजे आजच्या जयासाठीं उद्यांची आशा गहाण पडते. आपल्याकडील मैदानी हॉकींत २०१३ मध्यें ‘हॉकी इंडिया लीग’ निघाली तेव्हां खेळाडूंच्या लिलावाची पद्धत आली. पहिल्या लिलावांत सरदारसिंग यास दिल्लीच्या संघानें ७८,००० डॉलर देऊन घेतलें. २०१७ नंतर बंद पडलेली ही स्पर्धा २०२४ च्या अखेरीस पुन्हां सुरू झाली, आणि त्या वेळच्या लिलावांत हरमनप्रीतसिंग याच्यासाठीं ७८ लाख रुपये मोजले गेले. देश आणि आंकडे बदलले तरी प्रश्न एकच राहतो: मुदत संपण्यापूर्वीं तयार गड्यासाठीं पैसा ओतावा, कीं कोंवळ्यावर विश्वास टाकावा? शिरूर-दौंडकडील बैलगाडा-शौकिनांपुढेंहि हाच प्रश्न असतो.

शिरूर घोड नदीच्या कांठीं वसलेलें आहे, म्हणून जुनी माणसें त्यास घोडनदी म्हणतात. दौंड भीमेच्या कांठीं असून रेल्वेचें मोठें जंक्शन म्हणून प्रसिद्ध आहे. घोड नदी पुढें भीमेसच मिळते. दोन्ही तालुक्यांत कालव्याच्या पाण्यावर ऊंस उभा असतो, आणि जेथें पाणी पोंचत नाहीं तेथें ज्वारी-बाजरीचें कोरडवाहू रान असतें. रब्बीची सुगी आटोपली कीं शेतकऱ्यास आणि बैलांस दोघांसहि सवड मिळते. माघी पौर्णिमेपासून खंडोबाच्या यात्रांना आरंभ होतो. पाडव्यानंतर चैत्री पौर्णिमेच्या आसपास ग्रामदैवतांच्या यात्रा एकामागून एक लागतात, आणि अक्षय्यतृतीयेच्या पुढेंहि ही सांखळी कांहीं काळ चालते. पालखी, तमाशा, कुस्त्यांचा आखाडा आणि बैलगाड्यांच्या शर्यती हीं या यात्रांचीं अंगें होत. म्हणून ज्यास चैत्रांत गाडा पळवावयाचा आहे, त्यास आपली बैलांची जुळणी फाल्गुनांतच पुरी करावी लागते. तीच या भागांतील मुदत.

या दोन तालुक्यांचा जोड मोठा बोधप्रद आहे, कारण शर्यतीच्या दोन निरनिराळ्या पद्धतींची सीमा त्यांच्या आसपास येते. शिरूर, खेड, आंबेगांव, जुन्नर व मावळ या भागांत घाटाची शर्यत रूढ आहे. घाट म्हणजे चढणीची, मुद्दाम तयार केलेली धांवपट्टी. हलक्या गाड्याच्या जुंवाखालीं दोन बैल, त्यांच्या पुढें आणखी दोन, आणि सर्वांपुढें वाट दाखविणारी घोडी व तिच्यावरील स्वार, असा सरंजाम असतो. गाडे एकेक करून सुटतात. एका गाड्याच्या पाळीस बारी म्हणतात. निशाण पडल्यापासून गाडा वरच्या रेषेस पोंचेपर्यंत किती सेकंद लागले, हें घड्याळावर मोजून क्रम लावतात. सारा खेळ दहा-पंधरा सेकंदांचा असतो. दौंडच्या बाजूस, तसेंच बारामती, इंदापूर, पुरंदर आणि पुढें सातारा-सांगलीकडे सपाट माळावर शर्यती होतात. तेथें छकडा नांवाच्या हलक्या गाडीस दोनच बैल असतात, हांकणारा छकड्यावर असतो, समांतर आंखलेल्या वाटांवरून अनेक छकडे एकदम सुटतात, आणि गट, उपांत्य व अंतिम अशा फेऱ्यांतून विजयी जोडी ठरते.

एका ठिकाणीं बैलाचा सामना घड्याळाशीं होतो, दुसऱ्या ठिकाणीं शेजारच्या बैलाशीं. घाटाच्या बैलास सुटतांक्षणीं सर्व बळ एकवटतां आलें पाहिजे आणि तिघां सोबत्यांच्या पावलास पाऊल मिळवितां आलें पाहिजे. एकच बारी, तींत चुकला तर संपलें. सपाटीच्या बैलास दिवसभरांत अनेकदां धांवावें लागतें, म्हणून दम आणि थोड्या विसांव्यानंतर पुन्हां ताजें होण्याची शक्ति त्याच्या अंगीं लागते. शेजारून दुसरी जोडी अंगाशीं आली तरी त्यानें वाट सोडतां कामा नये. या भेदामुळें एकाच बैलाचें मोल शिरूरच्या घाटांत एक आणि दौंडच्या माळावर दुसरें होऊं शकतें. पारावरच्या पुष्कळशा वादांचें मूळ एवढेंच असतें कीं, दोघे वाद घालणारे दोन निरनिराळ्या शर्यती मनांत धरून बोलत असतात.

शर्यतींत धांवणारा बैल बहुधा खिलार जातीचा असतो. खिल्लार या शब्दाचा अर्थच गुरांचा कळप. आटपाडी, जत, सांगोलें, मंगळवेढें आणि माण-खटाव या कमी पावसाच्या मुलखांत हा वंश वाढला. त्याचें नातें कर्नाटकांतील हल्लीकर वंशाशीं जोडलें जातें. लांब, मागें झुकून वर गेलेलीं शिंगें, निमुळता चेहरा, घट्ट कातडी, कणखर खूर आणि चपळ, कांहींसा तापट स्वभाव हीं त्याचीं लक्षणें. रंगावरून व डोळ्यांवरून शेतकरी कोसा, काजळी असे भेद करतात. खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा, पुसेगांवची सेवागिरी महाराजांची यात्रा आणि पंढरपूरची कार्तिकी यात्रा येथील जनावरांचे बाजार या जातीसाठीं नांवाजलेले आहेत. शिरूरकडील शौकीन त्या बाजारांस जातो, आणि जवळच्या जवळ जुन्नर तालुक्यांतील बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारांतहि नजर टाकतो. दौंडकराला श्रीगोंदें तालुक्यांतील काष्टीचा शनिवारचा बाजार हाकेच्या अंतरावर आहे.

बाजारांत खोंड उभा केला कीं प्रथम त्याचें तोंड उघडून दांत पाहतात, कारण जनावराच्या वयाचा तोच दाखला. दुधाचे दांत अद्याप न पडलेल्या खोंडास आदत म्हणतात. साधारणतः दोन-अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे दोन कायमचे दांत येतात, तेव्हां तो दुसा होतो. पुढें चार दांतांवर चौसा, मग सहा दांती, आणि चौथ्या-पांचव्या वर्षाच्या सुमारास आठहि दांत आले म्हणजे तो जुळला असें म्हणतात. कांहीं मैदानांत आदत बैलांच्या शर्यती वेगळ्या होतात, त्यामुळें एक दांत आधीं आला कीं उशिरां, यावरहि सौद्याची दिशा फिरते. दांतांनंतर छातीची रुंदी, पाठीचा सरळपणा, वशिंड, गुडघ्याखालचें हाड आणि खुरांची फांक पाहतात. खोंडास थोडें चालवून मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर पडतो कीं पुढें जातो, हें न्याहाळतात. अंगावरील केंसांचा भोंवरा कोठें आहे हेंहि पाहिलें जातें; भलत्या जागीं भोंवरा असलेला, परंतु अंगानें उत्तम असा खोंड स्वस्तांत पदरांत पाडून घेणारे धूर्त लोकहि असतात.

यापुढची परीक्षा वंशाची. नामांकित बैलाचा पाडा म्हटला कीं भाव चढतो. परंतु जाणते लोक बापापेक्षां आईची चौकशी अधिक करतात. बापाचें नांव सर्वांस ठाऊक असल्यामुळें त्याची किंमत विकणारा आधींच लावून बसलेला असतो. गाय कोणत्या कळपांतली, तिचीं आधींचीं वासरें कशीं निघालीं, ही माहिती मात्र खटपट केल्याशिवाय मिळत नाहीं. मग हेड्यांच्या मध्यस्थीनें, उपरण्याखालीं हात घालून, बोटांच्या खुणेनें भाव ठरण्याची जुनी रीत. दोघांतील रक्कम तिसऱ्याला दिसत नाहीं. विसार दिला जातो, आणि दुसऱ्या दिवशीं पारावर त्या न दिसलेल्या रकमेचे चार निरनिराळे आंकडे चार तोंडांनीं सांगितले जातात.

आतां मुख्य अडचण अशी कीं, तयार बैल घेणारा मनुष्य नेमकें काय विकत घेतो? घाटांत गाडा अकरा-बारा सेकंदांत गेला हें खरें. पण तो वेग चौघांपैकीं कोणाचा? पुढची जोडी चपळ होती म्हणून मागची ओढली गेली, कीं मागच्या जोडीनें गाड्याचा भार उचलला म्हणून पुढची मोकळी धांवली? घोडी उत्तम होती, कीं बैल तिच्याशिवायहि तसेच गेले असते? विजयी गाड्याचे चार बैल दुसऱ्या महिन्यांत चार ठिकाणीं विकले गेले, तर चौघांच्याहि गळ्यांत एकाच विजयाची माळ असते, आणि तरी चौघांपैकीं एखाद-दुसराच नव्या घरीं तसा धांवतो. सपाटीच्या शर्यतींतहि हेंच दिसतें. २०२३ मध्यें सांगली जिल्ह्यांतील भाळवणीच्या मैदानावर ‘रुस्तम-ए-हिंद’ ठरून थार मोटार जिंकणारी जोडी बकासुर आणि महिब्या यांची होती. नांव घेतांना लोक दोघांचें मिळूनच घेतात. अकरा जणांच्या हॉकीच्या संघांतून एक गडी उचलून दुसऱ्या संघांत नेणारा मालक याच कोड्यांत सांपडतो. गोल कोणी केला हें फलकावर लिहितात. चेंडू त्याच्यापर्यंत कोणी पोंचविला हें त्या फलकावर सांपडत नाहीं.

दुसरी अडचण मापाची. एका घाटाची चढण अधिक, दुसऱ्याची लांबी कमी, तिसऱ्याची माती भुसभुशीत. सकाळच्या बारीस थंड हवा मिळते, दुपारच्या बारीस चैत्राचें ऊन. म्हणून एका गांवचे बारा सेकंद आणि दुसऱ्या गांवचे बारा सेकंद यांची तुलना करणें म्हणजे शेर आणि मैल यांची बेरीज करण्यासारखें आहे. अनुभवी शौकीन सेकंदांचा आंकडा ऐकून घेतो आणि लगेच विचारतो, ‘त्याच घाटांत त्याच दिवशीं दुसरे गाडे किती सेकंदांत गेले?’ हा एक प्रश्न विचारण्याची संवय लागली तर बाजारांतील निम्मी फसवणूक टळेल. एका चांगल्या बारीची ध्वनिचित्रफीत मोबाइलवर हजारों लोक पाहतात. आदल्या चार यात्रांत तोच बैल कसा गेला, हें त्या फितींत नसतें.

तिसरी अडचण वाढीची, आणि ती खोंडाच्या बाबतींत सर्वांत मोठी. कबड्डीच्या व्यावसायिक स्पर्धेंत कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यांतील सिद्धार्थ देसाई यास २०१८ मध्यें मुंबईच्या संघानें ३६ लाख ४० हजार रुपयांस घेतलें. एका हंगामांत त्यानें आपलें पाणी दाखविल्यावर २०१९ च्या लिलावांत त्याच्यासाठीं १ कोटी ४५ लाख रुपये मोजले गेले. ज्याने आधीं ओळखलें त्याची रक्कम चौपटीनें कमी लागली. खोंड घेणाऱ्याच्या मनांत अशींच उदाहरणें घोळत असतात. परंतु एका सिद्धार्थामागें न उमललेले किती गेले, याची नोंद कोणी ठेवीत नाहीं. आदत खोंड माळावर वाऱ्यासारखा धांवतो, पण जूं खांद्यावर आलें कीं अडून बसतो, दुसा झाला तोंवर उत्तम होता, चौसा होतां होतां अंगानें जड झाला, गर्दीच्या आरोळ्यांनीं बुजला, खुरांत दुखावला. त्यास रोज कडबा, सरकी, पेंड, उडीद घालावे लागतात, फिरवावें लागतें, पोहणीस न्यावें लागतें, आणि अशीं दोन-तीन वर्षें गेल्यावर तो शर्यतीचा आहे कीं औताचा, हें कळतें.

मुदत जवळ आली म्हणजे या तिन्ही अडचणी कमी होत नाहींत. त्यांचा विचार करण्यास वेळ मात्र उरत नाहीं. यात्रेपूर्वीं गाड्यांची नोंद होते, तिला हल्लीं टोकन म्हणतात. टोकन मिळालें आणि चौथा बैल ऐन वेळीं लंगडला, तर मालक पंधरा दिवसांपूर्वीं जी किंमत हंसण्यावारी नेली असती तीच मुकाट्यानें देतो. विकणारा हें जाणून असतो. म्हणून कांहीं लोक तयार बैल फाल्गुनाच्या शेवटापर्यंत दावणीला राखून ठेवतात. यावर शेतकऱ्यांनीं फार पूर्वींपासून एक तोड काढलेली आहे, ती पैऱ्याची. नांगरटीसाठीं एकाचा बैल दुसऱ्याच्या बैलाबरोबर जुंपून दोघांचीं कामें उरकावयाचीं, ही जुनी चाल शर्यतींतहि आली आहे. दोन-तीन गांवांचे मालक आपापले बैल एका गाड्यास देतात, नांव सर्वांचें लागतें आणि बक्षीस वांटून घेतलें जातें. विकत न घेतां बैलाची पारख होते, आणि चुकलें तर जनावर ज्याचें त्याच्या दावणीला परत जातें. अडचणींच्या मानानें हा उपाय सर्वांत शहाणपणाचा आहे.

या सर्व देवघेवीवर एकदां मोठें संकट येऊन गेलें, आणि त्याची आठवण आजच्या भावांतहि आहे. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या आधारें केंद्र सरकारनें जुलै २०११ मध्यें, ज्या प्राण्यांचे खेळ करण्यास मनाई आहे त्यांच्या यादींत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तमिळनाडूंतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रांतील बैलगाडा-शर्यती या दोन्हींवर बंदी घातली. बैल हें ओझें ओढणारें जनावर आहे, घोड्याप्रमाणें धांवण्यासाठीं त्याची शरीररचना नाहीं, आणि त्यास पळविण्यासाठीं वेदना द्यावी लागते, असा त्या निकालाचा रोख होता. महाराष्ट्राच्या विधिमंडळानें २०१७ मध्यें कायद्यांत दुरुस्ती केली, परंतु तीहि न्यायालयांत अडकली. २०१९ च्या लोकसभा निवडणुकींत शिरूर मतदारसंघांत हा प्रश्न प्रचाराचा ठळक विषय होता. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अटींवर शर्यतींस तात्पुरती परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

मे २०१४ ते डिसेंबर २०२१ हा काळ साडेसात वर्षांहून अधिक भरतो. माणसाच्या आयुष्यांत तो मोठा नव्हे. बैलाच्या आयुष्यांत मात्र ती एक संपूर्ण पिढी आहे. २०१२ मध्यें जन्मलेला खोंड बंदी आली तेव्हां ऐन दुसा होता, आणि बंदी उठली तेव्हां नऊ वर्षांचा होऊन त्याचे धांवण्याचे दिवस सरले होते. याच काळांत, २०१५ मध्यें, गाईप्रमाणेंच बैलांच्या कत्तलीसहि महाराष्ट्रांत कायद्यानें मनाई झाली. नांगरट ट्रॅक्टरकडे गेलेली, शर्यत बंद, आणि थकलेलें जनावर विकण्याची जुनी वाटहि बंद, अशा स्थितींत खिलार गाईस झालेला नर पाळावयाचा तो कशासाठीं, असा प्रश्न शेतकऱ्यापुढें पडला. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेंत देशांतील देशी गाई-बैलांची संख्या २०१२ च्या मानानें सुमारें ६ टक्के घटलेली, आणि संकरित व विदेशी जनावरांची सुमारें २७ टक्के वाढलेली आढळली. या घटीचें सर्व कारण शर्यतबंदींत शोधणें चूक होईल. दुधाचा धंदा आणि यंत्रें हीं मोठीं कारणें आहेत. पण खोंडास किंमत नसेल तर खिलार वंश केवळ प्रेमावर टिकणार नाहीं, हें शर्यतीच्या बाजूनें बोलणाऱ्यांचें म्हणणें सहज उडवून लावण्यासारखें नाहीं.

दुसऱ्या बाजूचें म्हणणेंहि तितकेंच गंभीर आहे. चाबूक, टोंचणी, शेपूट पिरगाळणें, चावणें, विजेचा झटका असे प्रकार या खेळांत झालेले आहेत, आणि बंदी त्यांमुळेंच ओढवली. वंश राखावयाचा म्हणून त्या वंशांतील प्रत्येक जनावराचे हाल करावे, हा युक्तिवाद उभा राहूं शकत नाहीं. म्हणून आज शर्यतीस जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची पशुवैद्याकडून तपासणी व्हावी लागते, धांव १,००० मीटरपेक्षां अधिक असतां कामा नये, चाबूक-काठीचा वापर वर्ज्य आहे. आणि बैलास क्रूरतेनें वागविल्यास पांच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. हे नियम कागदावर राहिले तर न्यायालयाचें दार पुन्हां ठोठावलें जाईल, हें बैलगाडा-संघटनांतील विचारी लोक जाणून आहेत.

या नियमांचा खोंडाच्या पारखीशीं फार निकटचा संबंध आहे, आणि पारावरील वादांत तो बहुधा सुटून जातो. पूर्वीं मारून पळविलेला बैल आणि आपण होऊन पळणारा बैल यांचे सेकंद सारखेच मोजले जात. नियम पाळले गेले तर मारावर धांवणाऱ्या बैलाचें मोल घसरतें, आणि ज्यास धांवण्याची मुळांत हौस आहे, जो घोडी पुढें गेली कीं स्वतः झेंपावतो, त्याचें वाढतें. म्हणजे खोंड निवडतांना पायाइतकाच स्वभाव पाहणें भाग पडतें. लहानपणीं ज्यास हात लावून, नांवानें हांक मारून, पोराबाळांत वाढविलें आहे, तो गर्दीस बुजत नाहीं. त्यास काठीचें भय दाखवावें लागत नाहीं. प्रेमानें वाढविलेला खोंड अधिक भावास गेला, तर कायद्यानें जें धाकानें करावयाचें तें बाजार आपण होऊन करील. प्रेक्षकांसहि यांत वांटा आहे. कोणत्या गाड्यानें किती सेकंद घेतले याबरोबरच, तो कसा पळविला गेला हें विचारण्याची त्यांनीं संवय ठेविली पाहिजे.

शेवटीं हा सारा व्यवहार एका घराच्या चौकटींत पाहावा लागतो. मोठे बागाईतदार आणि शहराजवळच्या जमिनी विकून पैसा हातांत आलेले लोक हौसेनें लाखांचे बैल घेतात. त्यांचा खोंड फुकट गेला तर त्यांची एक हौस फुकट जाते. परंतु त्यांचे आंकडे ऐकून दोन-चार एकरांचा धनी जेव्हां मुलीच्या लग्नासाठीं ठेवलेली रक्कम किंवा सोसायटीचें कर्ज खोंडांत घालतो, तेव्हां त्यानें एक हिशेब अवश्य करावा. घाटाचा राजा होणारा गाडा एकच असतो, आणि त्या दिवशीं घाटांत उतरलेले बाकीचे सर्व गाडे रिकाम्या हातानें किंवा लहान बक्षिसावर परत जातात. खोंड हरला तरी औतास, गाडीस किंवा पैदाशीस उपयोगी पडेल, अशा बेतानें घेतला तर तो घरास जड होत नाहीं. केवळ जिंकला तरच परवडेल अशा किमतीस घेतला, तर त्याच्या प्रत्येक पावलावर घराचें दैव टांगलेलें राहतें, आणि अशा मालकाच्या हातांत मग काठी लौकर येते.

फाल्गुनाची मुदत दर वर्षीं येईल, आणि पारावरचा वादहि दर वर्षीं होईल; तो व्हावाहि, कारण खेळाची निम्मी गोडी त्यांत आहे. बैल पाहण्यास गेलेल्या माणसानें मात्र चार प्रश्न बरोबर न्यावे: हा वेग एकट्याचा कीं सोबत्यांचा, तो कोणत्या घाटांतला, जनावराची वाढ अजून किती उरली आहे, आणि तें न मारतां धांवतें काय. चारांचींहि समाधानकारक उत्तरें मिळालीं तर विसार द्यावा. न मिळालीं तर शेजारच्या गांवच्या बैलाशीं पैरा करून यंदाची यात्रा साजरी करावी, आणि खोंडास आणखी एक दांत येऊं द्यावा.